वाघ म्हणजे कोण

राही पाष्टे गोष्टी सांगायची त्या कंबरेत वाकूनच. ओटीवर बसून, हात नाचवून, डोळे मोठे करून गोष्ट सांगणारी माणसं वेगळी. राहीची गोष्ट चिखलात व्हायची. डाव्या हातात तरव्याची जुडी, उजव्या हाताने एकेक रोप खोचणं चाललेलं, पाठीवर इरलं, आणि त्या इरल्याखालून येणारा बारीक, जरासा घोगरा आवाज. रांगेतल्या बायकांना तिचं तोंड दिसायचं नाही. नुसता आवाज पुढे सरकायचा आणि त्याच्या मागोमाग भाताची ओळ.

देवरुखाच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी जांभूळकोंड म्हणून कुणब्यांचं गाव होतं. गाव अप्पा खोतांचं. जमीन सरकारची, की कुळांची, की ग्रामदेवतेची, हा वाद कुठे कागदावर असेल तो असो. गावात कुणाच्या परड्यात फणस पिकला तरी पहिला वास अप्पांच्या पडवीत जायचा. राही आणि तिचा नवरा लवू नदीकाठची एक मळी अर्धेलीने करत. अर्धं भात खोताच्या खळ्यात, अर्धं आपल्या घरात. ती मळी राहीच्या सासऱ्याने दगडधोंडे उपसून, बांध घालून तयार केलेली. लवू मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला यायचा, सोंगं नाचवायचा, बायकोशी दोन दिवस गोड आणि दोन दिवस कडू बोलायचा आणि परत जायचा. त्यामुळे मळी कसली ती राहीनेच. घरात ती आणि तिची मुलगी चिमा, एवढीच माणसं.

मळीपेक्षाही आधी एक काम असायचं. आपली लावणी करण्यापूर्वी खोताची लावणी करून द्यायची. घरटी एक माणूस, संपेपर्यंत, मजुरीशिवाय. याला वेठ म्हणतात. पण जांभूळकोंडात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. ‘अप्पांकडे जायचंय’ एवढंच म्हणायचे, जसं काही लग्नाला बोलावलंय.

सत्तावीस-अठ्ठावीस सालचा सुमार असेल. त्या वर्षी अप्पांनी वरची दोन शेतं नव्याने लागवडीला काढली होती आणि वेठ काही संपायचं नाव घेईना. इकडे घरोघरचा तरवा पिवळा पडायला लागला. राहीच्या शेजारी सावित्री लावत होती. दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. सावित्री पुटपुटत होती, “माजा तरवा आता गुरांना घालायच्या लायकीचा झाला गो.” बांधावर धाकू मुकादम उभा. धाकू त्यांच्यातलाच, राहीच्या नात्यात दीर लागणारा; पण अप्पांनी त्याच्या हातात आपली जुनी छत्री दिल्यापासून तो बायकांकडे छत्रीखालून बघायला लागला होता.

“हात चालवा गो, हात!” धाकू ओरडला.

आणि राहीच्या तोंडून, तिलाही नीटसं कळायच्या आत, शब्द निघाले, “एका रानात एक वाघ होता, आनि त्या वाघाची भातशेती होती.”

सावित्रीचा हात थांबला. “वाघाची भातशेती?”

“व्हय तर.”

“वाघ भात खातो?”

“भात कशाला खाईल? पन शेत पायजे ना. शेत नसलं तर रानात त्याला मान कोन देनार?”

पलीकडची एक म्हातारी फिसकन हसली. राही पुढे सांगत सुटली. वाघाची शेती आली म्हणजे लावणी आली, आणि वाघ काही चिखलात पाय घालणार नाही. मग रानातल्या प्रत्येक बिळातून, ढोलीतून, घरट्यातून एकाने यायचं. रेड्याने नांगर ओढायचा, माकडांनी तरवा उपटायचा, बगळ्यांनी वाकून लावायचा, खेकड्यांनी बांध बुजवायचे. वाघ धोंड्यावर बसून जांभया देणार; आणि त्या जांभयाही कामात धरायच्या, कारण वाघाला जांभई द्यायला किती कष्ट पडतात ते बगळ्यांना काय ठाऊक!

“आनि बांदावर कोन हुबा?” सावित्रीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“बांदावर कोल्हा. डोक्यावर अळवाचं पान धरून.”

सगळी रांग एकदम फुटली. हसता हसता एकीच्या हातातली जुडी पाण्यात पडून वाहत गेली. धाकू चवताळून पुढे आला. “काय झालं खिदळायला?”

“काय नाय भावजी,” राही वाकूनच म्हणाली. “वाघाची गोष्ट चाललीय.”

धाकूने छत्री मिटली आणि उरलेला दिवस पावसात भिजत काढला.

त्या पावसाळ्यात गोष्ट रोज वाढत गेली. कधी कासव वेठीला उशिरा आलं म्हणून त्याला पाठीवर दगड ठेवून उभं केलं, तर दगड कुठला आणि पाठ कुठली हेच कोल्ह्याला कळेना. कधी वाघाच्या लेकीचं लग्न निघालं आणि पालखी उचलायला गोगलगायींना बोलावलं. बायका पहाटे उठून निघताना एकमेकींना विचारायच्या, आज काय होईल गो वाघाच्या रानात? वेठ तीच होती, कंबर तशीच मोडत होती, पण दिवस लवकर मावळत होता. लावणी संपल्यावर गोष्ट माहेरवाशिणींबरोबर खालच्या गावांत गेली, आणि देवरुखच्या बाजारात एका अनोळखी बाईने राहीलाच ती ऐकवली. राहीने मुकाट्याने ऐकून घेतली. आपल्या घरचं वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात धष्टपुष्ट झालेलं बघावं तसं तिला झालं. घरात नाव घेण्यासारखी वस्तू नव्हती, नवरा परगावी, मुलगा नाही. पण ही एक गोष्ट तिची होती आणि ती चालत देवरुखापर्यंत गेली होती.

गोष्टीला शेवट मात्र नव्हता. सावित्री नेहमी विचारायची, “शेवटी वाघ मरतो का गो?”

“मेला तर त्याचा पोर बसेल धोंड्यावर,” राही म्हणायची. “त्यापेक्षा असू दे जित्ता.”

पुढल्या वर्षी भात झोडून झाल्यावर धाकू राहीच्या दारात आला. “अप्पांनी बोलावलंय,” म्हणाला. राहीने हातातलं सूप खाली ठेवलं. “कशाला, भावजी?”

“वाघाची गोष्ट ऐकायचीय म्हने,” धाकूने तिच्याकडे न बघता सांगितलं. “मी काय सांगितलं नाय. त्यांना सगळं आधीच म्हाईत होतं.”

राहीने चिमाला सावित्रीकडे बसवलं आणि गेली. खोतांच्या ओटीवर झोपाळ्यावर अप्पा बसले होते. गोरे, स्थूल, आवाज नेहमी मऊ. शेजारी रत्नागिरीचे एक वकील पाहुणे आलेले. राही खाली खळ्यात उभी राहिली.

“ये, राही,” अप्पा म्हणाले. “घाबरू नको. वकीलसाहेबांना ती तुझी गोष्ट ऐकायची आहे.”

तिने खालमानेने सुरुवात केली. भीतीने तिने निम्मी गोष्ट गिळली. वाघाला बिचारा म्हातारा केला, जांभया वगळल्या, कोल्हा तर आणलाच नाही. अप्पांनी झोपाळा थांबवला. “ते अळवाच्या पानाचं राहिलं,” ते म्हणाले. “आणि पालखीचं. सगळं सांग बघू. मला काय राग यायचाय?”

मग तिने सगळं सांगितलं. अप्पा पोट धरून हसले. वकिलांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण हसून झाल्यावर वकील एकदम गंभीर झाले, उठून येरझारा घालायला लागले.

“अप्पा, ही साधी गोष्ट नव्हे,” ते म्हणाले. “अहो, हा वाघ म्हणजे इंग्रज सरकार! राबायचं रयतेनं आणि जांभया द्यायच्या साहेबानं. आणि तो कोल्हा म्हणजे त्यांचे हे आपले नोकरशहा. एका अडाणी बाईच्या तोंडून काय राजकारण निघालंय पाहा!”

झोपाळा क्षणभर थांबलेला तसाच राहिला. मग त्याच्या कड्या पुन्हा वाजू लागल्या. “तेच म्हणतोय मी,” अप्पा म्हणाले. “म्हणून तर तिला बोलावलं.”

राहीने मान वर करून बघितलं. अप्पा तिच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. तिला वाटलं, यांना सगळं कळलंय, आणि यांना कळलंय हे मला कळावं असंही यांना वाटतंय. जाताना खोतीणबाईंनी तिला एक कोरं लुगडं दिलं.

तिथून तिच्या वाघाचे दिवस फिरले. वकिलांनी ठिकठिकाणी सभा घेतल्या, आणि अप्पा खादीची टोपी घालून त्या सभांचे अध्यक्ष होऊ लागले. देशभक्तीपर भाषण झालं की राहीला उभं करायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिला ताठ उभं राहून गोष्ट सांगायची होती, आणि पहिल्या सभेत तिला आवाजच फुटेना. हातात तरवा नाही, पायाखाली चिखल नाही. हातांचं काय करावं तेही कळेना. हळूहळू सवय झाली.

वकिलांनी गोष्टीवर बरंच काम केलं. “ते भातशेतीचं काढून टाक,” एकदा ते म्हणाले. “त्यानं अर्थ भलतीकडे जातो.”

“मग वाघ करतो काय?”

“जुलूम करतो. आणि हे बघ, हा वाघ मूळचा या रानातला नाही. तो सात समुद्रांपलीकडून आलाय. शेवटी सगळे प्राणी एक होतात आणि त्याला परत समुद्रात लोटतात.”

राहीला हसू आलं. “वाघ पवत आला?”

“गोष्टीत चालतं,” वकील म्हणाले. माणूस मनाचा वाईट नव्हता. तिच्याशी नीट बोलायचा, चहा झाला की तिलाही कप द्यायला सांगायचा. त्याला खरोखरच रानात दुसरा वाघ दिसत नव्हता.

राहीने शेती काढून टाकली. बगळे, खेकडे, गोगलगायी गेल्या. अळवाचं पान गेलं. उरला एक पोहणारा वाघ आणि त्याच्यामागे आरडाओरडा करत धावणारी जनावरं. लोक टाळ्या वाजवायचे. जांभूळकोंडला खोतांच्या पडवीत सभा झाली तेव्हा गावच्या बायका मागे बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर सावित्री जवळ आली आणि म्हणाली, “तुज्या वाघानी शेती सोडली वाटतं. आमाला काय अजून कोनी सोडलं नाय.”

त्याच सुमारास अप्पांनी आणखी एक केलं. पाऊस लागायच्या वेळी धाकूकरवी निरोप पाठवला, ‘राहीला यंदा वेठ माफ.’

खरं सांगायचं तर राहीला आनंद झाला. नाही म्हणायला ती गेली नाही. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच तिची लावणी वेळेवर झाली. मळी अशी हिरवीगार उठली की बघत राहावं. पण पलीकडे खोताच्या शेतात बायकांची रांग मुकी वाकलेली होती, आणि राही बांधावरून गेली की कुणी मुद्दामच वर बघत नव्हतं. सावित्रीने मधल्या कुडाची, जिच्यातून दोघी बोलत ती फट काट्याकुट्यांनी बुजवून टाकली. चिमा विचारायची, “सावित्रीकाकी बोलत का नाय?” राही म्हणायची, “तिला कामं हायत.”

तीस सालच्या शिमग्याला लवू आला. मुंबईला गिरण्यांचा मोठा संप होऊन गेला होता, त्यात तो महिनोन्‌महिने उपाशी राहिला होता आणि त्याला धार आली होती. गावात पाय ठेवताच त्याला सगळं कळलं. त्याने राहीला विचारलं, “ही वेठ माफ कशाबद्दल?”

“गोष्टीबद्दल.”

“गोष्टीबद्दल नाय. गप बसल्याबद्दल.” तो हळू आवाजात बोलत होता आणि तेच तिला जास्त लागलं. “आमी हरलो तिकडे. पन मालकाला मालक म्हनून हरलो. तू वाघाच्या पडवीत बसून वाघाची गोष्ट सांगतेस आनि वाघ टाळ्या वाजवतो.”

“तुमी मुंबईला. हितं मळी कोनी राखायची?” राही म्हणाली. “अप्पांच्या तोंडावर बोलून मळी राहिली असती?”

लवू सोंगं न नाचवताच परत गेला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह पेटला. वकिलांना पकडून तुरुंगात टाकलं. ज्यांच्या ज्यांच्या घरी सभा झाल्या होत्या त्यांच्या चौकशा सुरू झाल्या. अप्पांची खादीची टोपी एकाएकी दिसेनाशी झाली. आणि पावसाच्या सुरुवातीला, राहीने मळीच्या कडेला तरव्यासाठी बी पेरून ते बोटभर वर आलेलं असताना, देवरुखाहून फौजदार शिपाई घेऊन जांभूळकोंडात आला.

खोतांच्या खळ्यात अख्खा गाव जमला. फौजदार ओटीवर खुर्चीत बसला. राहीला पुढे उभं केलं.

“तू सभेत गोष्ट सांगतेस?” त्याने विचारलं.

“व्हय सायेब.”

“वाघाची?”

“व्हय.”

“हा वाघ म्हणजे कोण?”

राहीने एकदा अप्पांकडे बघितलं. सरकार म्हणावं तर तुरुंग समोर होता. अप्पा म्हणावं तर मळी गेली. आणि दोन्ही म्हणायचं नसेल तर तिसरं काय म्हणायचं, ते वकिलांनी शिकवलं नव्हतं.

“वाघ म्हंजे वाघ, सायेब,” ती म्हणाली.

“मला शहाणपण शिकवतेस?” फौजदाराने पाय आपटला. “वाघ साता समुद्रांपलीकडून येतो होय? सरकारविरुद्ध लोकांना चिथावतेस आणि वर वाघ म्हणजे वाघ? या बाईला घेऊन चला रे.” मग तो अप्पांकडे वळला, आणि आवाज थोडा खाली आला. “आणि अप्पासाहेब, सभा तुमच्या पडवीत झाली. अध्यक्ष तुम्ही. मला तुमचाही जबाब घ्यावा लागेल.”

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी थोडा विचार केला. मग ते हसले. तेच नेहमीचं मऊ हसू.

“अहो फौजदारसाहेब,” ते म्हणाले, “कशाला त्या बिचाऱ्या सरकारला यात ओढता? तो वाघ मी.”

फौजदार खुर्चीत पुढे सरकला.

“तुम्ही?”

“मी. ही बाई माझं कूळ. लावणीला आल्या की या बायका मला शिव्या घालतात, आता सरळ घालता येत नाहीत म्हणून वाघाच्या नावानं घालतात. मूळ गोष्ट वेगळी आहे. त्यात भातशेती आहे. विचारा कुणालाही. ते समुद्राचं वगैरे त्या वकिलानं मागाहून घुसडलं. धाकू, इकडे ये. साहेबांना सांग, त्या गोष्टीत कोल्हा कोण आहे?”

धाकू पुढे आला. त्याने एकदा राहीकडे बघितलं आणि मान खाली घातली. “मी,” तो म्हणाला.

“आणि त्याच्या डोक्यावर काय असतं?”

“अळवाचं पान.”

शिपाई हसले. फौजदारही हसला. एवढं सगळं ऐकल्यावर राजद्रोह कुठे उरतो? एका खोताला त्याच्या कुळांनी वाघ म्हटलं, याची नोंद कुठल्या कलमाखाली करणार? “मग तुम्ही तिला सभेत कशी बोलू दिलीत?” त्याने शेवटचं म्हणून विचारलं.

“आपल्यावरची थट्टा आपल्याला सोसवली पाहिजे,” अप्पा म्हणाले. “मी तसा मोकळा माणूस आहे.”

फौजदार आंब्यांची टोपली घेऊन गेला. गाव पांगला. राही तिथेच उभी होती. तिला वाटलं, सुटले. अप्पा ओटीवरून दोन पायऱ्या उतरून खाली आले.

“राही, मी वाघ आहे असं तू सगळ्या मुलखात सांगितलंस,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “मी हसण्यावारी नेलं. तू म्हणत होतीस तोवर ती गोष्ट होती. आज मला ते गावासमोर माझ्या तोंडानं म्हणावं लागलं. आता मी वाघासारखं वागलो नाही तर मला उद्या कोण विचारील?”

“अप्पा, मी तुमचं नाव घेतलं नाय. मी म्हटलं वाघ म्हंजे वाघ. सगळ्यांनी ऐकलं.”

“म्हणूनच. तू सरकार म्हटलं असतंस तर मी तुझी मळी राखली असती, तू सुटून येईपर्यंत.” मग ते वर गेले आणि झोपाळ्यावर बसले.

अप्पांनी मळी सावित्रीच्या घराला दिली. लावणीला सावित्रीने वेगळा तरवा केलाच नाही. राहीने पेरलेला होता, तोच उपटून तिने राहीच्या मळीत लावला. राही बांधाच्या अलीकडून बघत होती. शेताच्या त्या टोकाला सावित्री एकटी वाकली होती आणि एकदाही तिने मान वर केली नाही. राहीच्या मनात आलं, आपण पुढे जाऊन तिच्या तोंडावर थुंकावं. मग मनात आलं, गेल्या वर्षी वेठ माफ झाली तेव्हा आपण तरी काय केलं?

भात निसवायच्या आधी राही चिमाला घेऊन खाली उतरली. रत्नागिरीजवळ भाट्याला एका माडांच्या बागेत तिला काम मिळालं. नारळ वाहायचे, त्यांची सोललेली सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालायची, कुजली की काढून काथ्यासाठी कुटायची. खाऱ्या पाण्याने तळहाताला भेगा पडत. लवू मुंबईहून येई, पण जांभूळकोंडाचं नाव दोघंही काढत नसत. तीन-चार वर्षांनी तो मुंबईतच तापाने गेला. चिमाचं लग्न तिथल्याच एका खलाशाशी झालं आणि तिला मुलं झाली.

एकदा सावित्री भेटायला आली. देवीच्या नवसासाठी खाली आली होती आणि विचारत विचारत बागेत पोचली. दोघी सोडणांच्या ढिगाजवळ बसल्या. राहीने तिला शहाळं फोडून दिलं.

“मी नाय घेतली असती मळी तर दुसऱ्यानी घेतली असती,” सावित्री शेवटी म्हणाली.

“म्हाईत हाय.”

“वेठ अजून हाय गो. पन आता कोनी काय बोलत नाय. नुसती लावत असतात.” सावित्रीने डोळे पुसले. “तुजी गोष्ट मला येत नाय. एकदा सांगायला घेतली, पन नीट होईना.”

राही सोडण कुटत राहिली. सावित्री उठून गेली तेव्हा तिने “ये परत” असं म्हटलं, पण सावित्री परत आली नाही.

सदतीस साली असेंब्लीची निवडणूक आली तेव्हा रत्नागिरीत रोज सभा व्हायच्या. राही एका संध्याकाळी बाजारात नारळ पोचवून परत निघाली होती. वाटेत मंडप घातलेला, गर्दी ही एवढी. व्यासपीठावर तिला वकील दिसले. तुरुंगात केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं. आणि त्यांच्या शेजारी हार घालून अप्पा खोत. अप्पा उमेदवार होते. राही टोपली कमरेवर घेऊन कडेला उभी राहिली.

वकील अप्पांबद्दल बोलत होते. त्यांचा आवाज पूर्वीइतका मोठा राहिला नव्हता, पण मन लावून बोलत होते. “तीस साली मी तुरुंगात होतो,” ते म्हणाले. “तेव्हाची हकिगत मला बाहेर आल्यावर कळली. या अप्पासाहेबांच्या गावात एक गरीब, अडाणी कुणबीण होती. ती सरकारी जुलमावर एक गोष्ट सांगत असे. वाघाची गोष्ट. पोलीस तिला धरायला आले, आणि अप्पासाहेब मधे उभे राहिले. म्हणाले, तो वाघ सरकार नव्हे, तो वाघ मी! तिला हात लावू नका! एका गरीब बाईसाठी या माणसाने स्वतःला वाघ म्हणवून घेतलं, सज्जनहो. असा मोठ्या मनाचा माणूस आपल्याला हवा आहे की नको?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांनी मान खाली घालून हात जोडले. मान वर केली तेव्हा त्यांची नजर गर्दीवरून फिरत गेली, आणि क्षणभर राहीला वाटलं, त्यांनी आपल्याला ओळखलं. पण ती नजर तशीच पुढे सरकली.

“खोटं हाय हे,” राही शेजारच्या बाईला म्हणाली.

“गप गो, ऐकू दे,” ती बाई म्हणाली.

वकिलांना खरंच तसं वाटत होतं, हे राहीला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांना कुणीतरी असंच सांगितलं असणार. आणि सांगणाऱ्याने तरी काय खोटं सांगितलं? शब्द तेच होते. अप्पा म्हणाले होते ते सगळ्या गावाने ऐकलं होतं, आणि त्या सगळ्या खळ्यात त्या दिवशी खरं बोलला तो तोच एक माणूस होता. राहीला एकाएकी बसावंसं वाटलं. बसायला जागा नव्हती.

घरी आल्यावर तिने चिमाला सांगितलं. चिमा चुलीपाशी मासे भाजत होती. ती संतापून उठली. “आनि तू हुबी राहून ऐकलंस? तितं चढून बोलली का नायस, ती बाई मी म्हनून?”

“मला कोनी इचारलं नाय,” राही म्हणाली. “फौजदारानी निदान इचारलं तरी होतं.”

“इचारायला कशाला पायजे?”

राहीने पाटावर बसून पायांची माती धुतली, नातवाला मांडीवर घेतलं आणि चिमाला म्हणाली, “मासा करपतोय बघ.”

अप्पा निवडून आले. राहीला मत नव्हतं. तिच्यासारख्यांना त्या वेळी ते नसायचंच. पुढेही ती भाट्यातच राहिली, हात चालत होते तोवर काथ्या कुटत राहिली. नातवंडं गोष्ट मागायची तेव्हा ती त्यांना भुतांच्या सांगायची, दर्यातल्या मुशी माशाच्या सांगायची, चोरांच्या सांगायची. बसून सांगायची, त्यामुळे त्या फारशा रंगायच्या नाहीत, आणि मुलं मधेच उठून खेळायला जायची.